ओहम : विजेच्या वाटेतला अडथळा मोजणारा शिक्षक

धायरी (पुणे), प्रतिनिधी – सिंहगड रस्ता सोडून धायरी फाट्याहून गावाकडे वळले, की मोटार वायंडिंगची, वेल्डिंगची आणि लेथची लहान-लहान दुकाने दिसू लागतात. जळालेली मोटार दुरुस्तीला आली, की कारागीर मल्टिमीटर हाती घेतो आणि त्याची फिरती कळ एका विशिष्ट खुणेवर आणतो. घोड्याच्या नालेसारखी दिसणारी ही खूण म्हणजे ग्रीक लिपीतील ओमेगा हे अक्षर होय. कारागीर तिला ओहम म्हणतो. तारेच्या दोन टोकांमध्ये किती ओहम दाखविले जातात, यावर मोटारीचे वायंडिंग शाबूत आहे की तुटले आहे, याचा पहिला अंदाज बांधला जातो. दिवसातून अनेकदा उच्चारला जाणारा हा शब्द एका माणसाचे आडनाव आहे, हे मात्र शाळा सुटल्यावर बहुतेकांच्या विस्मरणात जाते.

जॉर्ज सायमन ओहम हे त्या माणसाचे नाव. दहावीच्या वर्गात ज्यांचा नियम एका ओळीत शिकविला जातो, त्या ओहम यांना ती एक ओळ लिहिण्यासाठी उमेदीची वर्षे आणि कायमची नोकरी खर्ची घालावी लागली. पुढे जवळजवळ चौदा वर्षे त्यांच्या कार्याला मोठा सन्मान मिळाला नाही. व्होल्ट आणि अँपियर ठाऊक असले, की रोध आणि वॅट क्षणात काढता येतात, हे आज कोणालाही अवघड वाटत नाही. हे सोपेपण ज्यांच्यामुळे आले, त्यांचे आयुष्य मात्र मुळीच सोपे नव्हते.

कुलुपांच्या कार्यशाळेतील गणित

ओहम यांचा जन्म १६ मार्च १७८९ रोजी आजच्या जर्मनीतील एर्लांगन या गावी झाला. वडील योहान वोल्फगांग हे कुलपे घडविणारे कारागीर होते. आई मारिया एलिझाबेथ ही शिंप्याची मुलगी. या दांपत्याला सात अपत्ये झाली. परंतु त्यांपैकी जॉर्ज, मार्टिन आणि एलिझाबेथ बार्बारा ही तीनच जगली. जॉर्ज दहा वर्षांचा असताना आईचेही निधन झाले.

वडिलांचे औपचारिक शिक्षण झालेले नव्हते. तथापि, दिवसभर हातोडी आणि कानस चालविणाऱ्या या कारागिराने स्वतःच्या हिमतीवर गणित आणि विज्ञानाची पुस्तके वाचली होती. आपल्या दोन्ही मुलांना त्यांनी घरीच गणित, पदार्थविज्ञान, रसायनशास्त्र आणि तत्त्वज्ञान शिकविले. एर्लांगनच्या शाळेत त्या काळी घोकंपट्टीवर भर असे, विज्ञानाला फारसे स्थान नव्हते. वडिलांच्या शिकवणीत मात्र मुले गणितात इतकी तयार झाली, की एर्लांगन विद्यापीठातील प्राध्यापक लांग्सडॉर्फ यांनी त्यांची परीक्षा घेऊन स्वित्झर्लंडमधील प्रसिद्ध बर्नुली बंधूंशी त्यांची तुलना केली. धाकटे मार्टिन पुढे नामांकित गणितज्ञ झाले. वडिलांच्या कार्यशाळेतून जॉर्ज यांना आणखी एक शिदोरी मिळाली, ती म्हणजे धातूची जाण आणि हातातील सफाई. पुढे स्वतःची उपकरणे स्वतः घडविताना ती त्यांच्या कामी आली.

१८०५ मध्ये जॉर्ज एर्लांगन विद्यापीठात दाखल झाले. तेथे अभ्यासापेक्षा नृत्य, बर्फावरील घसरखेळ आणि बिलियर्ड्‌स यांतच ते अधिक रमले. पोटाला चिमटा काढून मुलाला शिकविणाऱ्या वडिलांना हे सहन होणे शक्य नव्हते. तीन सत्रांनंतर त्यांनी जॉर्ज यांना विद्यापीठातून काढून घेतले आणि १८०६ मध्ये हा सतरा वर्षांचा तरुण स्वित्झर्लंडमधील एका शाळेत गणिताचा शिक्षक म्हणून रुजू झाला. कडक शिस्तीच्या बापाचा हा निर्णय कठोर होता. पण शिकविता शिकविता शिकण्याची सवय जॉर्ज यांना तेथेच लागली. लांग्सडॉर्फ यांच्या सल्ल्यावरून त्यांनी ऑयलर, लाप्लास आणि लाक्र्वा या गणितज्ञांचे ग्रंथ स्वतःच वाचून काढले. १८११ मध्ये ते एर्लांगनला परतले आणि त्याच वर्षी त्यांनी डॉक्टरेट मिळविली.

पदवी मिळाली, नोकरी नाही

डॉक्टरेट पदरी असूनही विद्यापीठात पोट भरेल असे पद मिळाले नाही. तीन सत्रे व्याख्याता म्हणून काम केल्यावर ओहम यांनी विद्यापीठ सोडले. १८१३ मध्ये बव्हेरिया सरकारने त्यांना बांबेर्ग येथील एका दुय्यम दर्जाच्या शाळेत गणित आणि पदार्थविज्ञान शिकविण्याचे काम दिले. १८१६ मध्ये ती शाळाच बंद पडली आणि त्यांना गावातील दुसऱ्या, विद्यार्थ्यांनी भरून वाहणाऱ्या शाळेत गणिताच्या शिकवणीला जुंपण्यात आले.

ओहम यांचे मन या कामात रमले नाही. याच काळात त्यांनी भूमितीचे एक प्राथमिक पुस्तक लिहिले आणि त्याचे हस्तलिखित प्रशियाचे राजे फ्रीडरिश विल्हेल्म तिसरे यांना पाठविले. पुस्तकाने जगात खळबळ माजविली नाही; पण त्याचा एक लाभ झाला. सप्टेंबर १८१७ मध्ये ओहम यांना कोलोन येथील नामवंत शाळेत गणित आणि पदार्थविज्ञानाच्या शिक्षकाची जागा मिळाली. पूर्वी जेझुइट धर्मगुरूंच्या ताब्यात असलेल्या या शाळेत सुसज्ज प्रयोगशाळा होती. ओहम यांच्या आयुष्याला वळण मिळाले ते येथे.

ताण आणि प्रवाह यांचे कोडे

त्या काळी विजेचे शास्त्र नुकतेच बाळसे धरीत होते. १८०० मध्ये इटलीच्या व्होल्टा यांनी विद्युतघटांची चळत तयार केली आणि सतत वाहणारी वीज प्रथमच हाती आली. १८२० मध्ये डेन्मार्कचे ओर्स्टेड यांना आढळले, की तारेतून वीज वाहू लागली की शेजारची चुंबकसूची हलते. विजेचा प्रवाह मोजण्याचे साधन यामुळे मिळाले. सूची जितकी अधिक वळेल, तितका प्रवाह मोठा.

पण एक कोडे शिल्लक होते. घटाची दोन टोके मोकळी असताना त्यांच्यात ताण दिसतो. तार जोडली, की प्रवाह सुरू होतो. ताण आणि प्रवाह या दोन निराळ्या अवस्था आहेत, एक असली की दुसरी नसते, असे अनेक शास्त्रज्ञांना वाटत होते. तार जोडलेली असतानाही ताण कायम असतो आणि प्रवाह किती वाहील, हे त्या ताणावर आणि वाटेतील अडथळ्यावर ठरते, ही गोष्ट कोणीही मोजून दाखविली नव्हती.

आजच्या शहरी वाचकाला हे सोसायटीच्या गच्चीवरील पाण्याच्या टाकीवरून उमजेल. टाकी जितकी उंच, तितका नळाला जोर अधिक. हा जोर म्हणजे विजेचे विभवांतर, अर्थात व्होल्ट. नळातून मिनिटाला पडणारे पाणी म्हणजे विद्युतधारा, अर्थात अँपियर. नळ अरुंद, लांब किंवा गंजलेला असेल तर पाणी कमी येते. ही अडवणूक म्हणजे रोध. नळ उघडला म्हणून टाकीची उंची नाहीशी होत नाही. दोनशे वर्षांपूर्वी मात्र विजेच्या बाबतीत जोर, प्रवाह आणि अडवणूक या तिघांना नेमकी नावे नव्हती आणि मापेही नव्हती. ओहम यांना नियम शोधण्याआधी मोजायचे काय, हेच ठरवावे लागले.

आठ तारा आणि एक चूक

शाळेचे तास संपल्यावर ओहम प्रयोगशाळेत बसू लागले. निरनिराळ्या लांबीच्या तारा घटाला जोडायच्या आणि तार लांबत गेली की प्रवाह किती घटतो, ते चुंबकसूचीवर पाहायचे, असा त्यांचा प्रयोग होता. १८२५ मध्ये त्यांनी पहिले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत लांबी आणि प्रवाहाची घट यांचा संबंध त्यांनी लॉगॅरिदमच्या स्वरूपात मांडला होता. हे सूत्र चुकीचे होते.

चुकीचे मूळ त्यांच्या विद्युतघटात होते. त्या काळचे घट वापरू लागताच मलूल होत. जोडणी करताच प्रवाह उसळे आणि पाहता पाहता खाली येई. ज्या जोरावर मोजमाप करायचे तो जोरच स्थिर नसेल, तर तारेचा दोष कोणता आणि घटाचा कोणता, हे वेगळे काढणार कसे? शास्त्रीय नियतकालिकाचे संपादक पोग्गेनडॉर्फ यांनी ओहम यांना घटाऐवजी औष्णिक युग्म वापरण्याचा सल्ला दिला. दोन भिन्न धातूंच्या जोडांमध्ये तापमानाचा फरक ठेवला की वीज निर्माण होते, हे सीबेक यांनी १८२१ मध्ये शोधून काढले होते. तापमानाचा फरक स्थिर राखला, की विजेचा जोरही स्थिर राहतो.

ओहम यांनी बिस्मथच्या पट्टीच्या दोन्ही टोकांना तांब्याच्या पट्ट्या जोडल्या. एक सांधा उकळत्या पाण्याने तापत ठेवला, दुसरा बर्फात गार ठेवला. पाणी उकळत आहे आणि बर्फ वितळत आहे तोवर दोन्ही तापमाने जागची हलत नाहीत. त्यामुळे हाती आलेला जोरही अचल राहिला. प्रवाह मोजण्यासाठी त्यांनी धातूच्या बारीक पट्टीला टांगलेली चुंबकसूची वापरली. प्रवाहाने सूची वळली, की वरची मूठ फिरवून पट्टीला पीळ द्यायचा आणि सूची मूळ जागी आणायची. पीळ जितका द्यावा लागला, तितका प्रवाह.

जानेवारी १८२६ मध्ये त्यांनी तांब्याच्या एकाच जाडीच्या आठ तारा आलटून-पालटून जोडल्या. त्यांची लांबी होती २, ४, ६, १०, १८, ३४, ६६ आणि १३० इंच. २ इंचांच्या तारेला पिळाचे माप सुमारे ३२७ आले. १३० इंचांच्या तारेला ते सुमारे ४८ पर्यंत उतरले. हे आकडे एका साध्या भागाकारात बसतात, हे ओहम यांच्या लक्षात आले. तारेच्या लांबीत २०.२५ मिळवायचे आणि त्या बेरजेने ७२८५ या संख्येला भागायचे, की प्रत्यक्ष मोजलेला आकडा जवळपास तसाच मिळतो. वाचकांना पडताळा घ्यायचा असल्यास १३० मध्ये २०.२५ मिळवून भागाकार करावा. उत्तर साडेअठ्ठेचाळीसच्या जवळ येते.

या दोन संख्यांचा अर्थ लावण्यात ओहम यांची खरी प्रतिभा दिसते. तापमानाचा फरक कमी केला, की ७२८५ ही संख्या घटे, पण २०.२५ तशीच राही. म्हणजे पहिली संख्या विजेच्या जोराची आणि दुसरी उरलेल्या उपकरणाच्या अडवणुकीची. तार बदलली तरी युग्मातील पट्ट्या आणि जोडण्या आपला अडथळा आणीतच होत्या आणि तो २०.२५ इंच तारेइतका होता. जोराला एकूण अडथळ्याने भागले की प्रवाह मिळतो, हा नियम त्यांच्या हाती लागला. वर्षभरापूर्वीचे आपले सूत्र मागे टाकून त्यांनी १८२६ मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध केला.

शाळेतील पाठ्यपुस्तकात या दुसऱ्या अडथळ्याला फारसे महत्त्व दिले जात नाही. पण इन्व्हर्टरची बॅटरी जुनी झाली म्हणजे काय होते, हे त्यावरूनच कळते. मोकळी असताना अशी बॅटरी बारा व्होल्ट दाखविते आणि पंखे सुरू होताच कोसळते. कारण तिच्या आतला रोध वाढलेला असतो.

पुस्तक निघाले, पण...

प्रयोग यशस्वी झाल्यावर विद्यापीठात पद मिळेल, अशी आशा ओहम यांना वाटू लागली. १८२६ मध्ये त्यांनी अर्ध्या पगारावर वर्षभराची रजा घेतली आणि बंधू मार्टिन राहत होते त्या बर्लिनला ते गेले. तेथेच १८२७ मध्ये त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. विद्युतमंडलाची गणिती मीमांसा हा त्याचा विषय. फ्रान्सचे गणितज्ञ फूरिये यांनी १८२२ मध्ये धातूतून उष्णता कशी वाहते, याचे गणित मांडले होते. उष्णता अधिक तापमानाकडून कमी तापमानाकडे वाहते, तशी वीजही अधिक ताणाकडून कमी ताणाकडे वाहते, या विचारावर ओहम यांनी आपला ग्रंथ उभारला.

ग्रंथाचे स्वागत थंडपणे झाले. याची कारणे अनेक होती. ज्या आठ तारांनी नियम सिद्ध केला, त्यांच्याऐवजी ग्रंथात गणितालाच अग्रस्थान होते. जर्मनीतील अनेक पदार्थवैज्ञानिकांना अशा गणिताची सवय नव्हती. निसर्गाचे आकलन गणिताऐवजी तत्त्वचिंतनाने होते, असे मानणाऱ्या मंडळींचा तेव्हा वरचष्मा होता. बर्लिनच्या पोल यांनी ग्रंथावर कडक टीका केली. १८२५ मधील चुकीच्या सूत्राचाही ओहम यांच्या लौकिकाला उपयोग झाला नसणार. शिवाय लेखक विद्यापीठातील प्राध्यापक नव्हते, एका शाळेतील शिक्षक होते.

सर्वांनीच पाठ फिरविली, असे मात्र म्हणता येणार नाही. लाइपझिगच्या फेखनर यांनी ओहम यांचा नियम स्वीकारला आणि स्वतःच्या प्रयोगांनी त्याला पुष्टी दिली. फ्रान्समध्ये पुईए यांनीही पुढील दशकात तशाच निष्कर्षापर्यंत मजल मारली. तथापि, ज्या पदासाठी ओहम बर्लिनला गेले होते, ते त्यांना मिळाले नाही. १८२८ च्या मार्चमध्ये त्यांनी कोलोनच्या शाळेचा राजीनामा दिला. वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी त्यांच्या हाती कायमची नोकरी उरली नव्हती. पुढील काही वर्षे बर्लिनच्या लष्करी शाळेत आठवड्याचे मोजके तास गणित शिकवून त्यांनी गुजराण केली. त्यांनी विवाह केला नाही.

उशिरा आलेला सन्मान

१८३३ मध्ये ओहम न्यूरेंबर्ग येथील तंत्रशाळेत प्राध्यापक झाले आणि १८३९ मध्ये तिचे प्रमुखही झाले. पण त्यांच्या कार्याची खरी दखल परदेशात घेतली गेली. १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना कॉप्ले पदक दिले. त्या काळी शास्त्रज्ञाला मिळू शकणाऱ्या सर्वोच्च सन्मानांपैकी हा एक होता. त्याच सुमारास त्यांच्या ग्रंथाचा इंग्रजी अनुवादही झाला. पुढील वर्षी सोसायटीने त्यांना परदेशी सदस्यत्व दिले. इंग्लंडला हा नियम एकाएकी का महत्त्वाचा वाटू लागला? तेथे तारायंत्राचे युग सुरू झाले होते. मैलोन्‌मैल तार टाकली तर पलीकडच्या टोकाला प्रवाह किती पोहोचेल, घट किती लावावे लागतील, हे सांगणारे गणित ओहम यांच्याकडेच होते. तारायंत्राचे प्रवर्तक व्हीटस्टन यांनी १८४३ मध्ये या नियमाच्या आधारे मापनाच्या पद्धतींचे विवेचन केले.

मायदेशानेही मग दखल घेतली. १८४५ मध्ये बव्हेरियाच्या विज्ञान अकादमीने ओहम यांना सदस्य केले. १८४९ मध्ये अकादमीच्या पदार्थविज्ञान संग्रहाची व्यवस्था पाहण्यासाठी त्यांना म्युनिकला बोलावण्यात आले आणि १८५२ मध्ये म्युनिक विद्यापीठात पदार्थविज्ञानाचे प्राध्यापकपद मिळाले. तरुणपणापासून ज्याची आस धरली, ते पद त्रेसष्टाव्या वर्षी हाती आले. ते त्यांना जेमतेम दोन वर्षे लाभले. ६ जुलै १८५४ रोजी म्युनिक येथे त्यांचे निधन झाले.

ओहम यांच्याही आधी इंग्लंडचे विक्षिप्त धनिक शास्त्रज्ञ हेन्री कॅव्हेंडिश यांनी या दिशेने वाटचाल केली होती. प्रवाह मोजण्याचे साधन नसल्याने काचेच्या नळीतील मिठाच्या पाण्यातून वीज आपल्या शरीरात घ्यायची आणि धक्का किती जोराचा बसतो, त्यावरून तुलना करायची, अशी त्यांची रीत होती. पण त्यांनी हे काम प्रसिद्ध केले नाही. १८७९ मध्ये मॅक्सवेल यांनी त्यांची टिपणे छापली, तेव्हा जगाला त्याचा पत्ता लागला. शोध लावणे आणि तो जगापुढे ठेवून टीका झेलणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ओहम यांनी दोन्ही केल्या.

दोन आकड्यांवरून दोन उत्तरे

या नियमाचा आपल्या घरातील उपयोग पाहू. व्होल्टला अँपियरने भागले की रोध ओहममध्ये मिळतो. व्होल्टला अँपियरने गुणले की शक्ती वॅटमध्ये मिळते. बाथरूममधील गिझर २३० व्होल्टवर ८.७ अँपियर धारा घेत असेल, तर त्याच्या कॉइलचा रोध २३० भागिले ८.७, म्हणजे सुमारे २६.४ ओहम आणि त्याची शक्ती २३० गुणिले ८.७, म्हणजे सुमारे २००० वॅट. १००० वॅट एक तास वापरले की महावितरणच्या बिलात एक युनिट चढते. म्हणून हा गिझर अर्धा तास चालला की एक युनिट झाले.

वायंडिंगवाला किंवा इलेक्ट्रिशियन गिझरची कॉइल तपासतो ती याच हिशेबाने. पुरवठा पूर्ण बंद करून, जोडणी सोडवून तो मल्टिमीटर लावतो. आकडा सव्वीसच्या आसपास आला तर कॉइल शाबूत. काटा हललाच नाही तर ती तुटलेली. वीज चालू असताना ओहम मोजणे जिवावर बेतू शकते, हे येथे आवर्जून सांगायला हवे.

व्होल्टेज कमी झाले की काय होते, हेही या गणितात दिसते. पुरवठा २३० वरून २०० व्होल्टवर आला, तर कॉइलचा रोध फारसा बदलत नाही. धारा मात्र ७.५६ अँपियरवर येते आणि शक्ती १५१० वॅटच्या घरात उतरते. व्होल्टेज १३ टक्क्यांनी घटले, पण गिझरची ताकद जवळजवळ २४ टक्क्यांनी घटली. कारण व्होल्टबरोबर अँपियरही कमी झाले. पाणी तापायला वेळ लागतो, तो यामुळे.

शक्तीच्या या हिशेबाला उष्णतेची जोड दिली ती इंग्लंडमधील मद्यनिर्मात्याच्या घराण्यातील जेम्स प्रेस्कॉट जूल यांनी. तारेत निर्माण होणारी उष्णता ही धारेचा वर्ग आणि रोध यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते, हे त्यांनी १८४० च्या सुमारास दाखवून दिले. घरातील सैल झालेल्या सॉकेटचा धोका येथे स्पष्ट होतो. सैल जोडणीत अवघा अर्धा ओहम रोध असला आणि त्यातून अर्धा अँपियर घेणारा पंखा चालविला, तर तेथे वॅटचा आठवा हिस्साच खर्ची पडतो. हाताला काही जाणवत नाही. त्याच सॉकेटवर ८.७ अँपियरचा गिझर लावला, तर सुमारे ३८ वॅट उष्णता त्या एका जागी निर्माण होते. २५ वॅटचे सोल्डरिंग आयर्न कथील वितळविते, हे ध्यानात घेतले तर प्लग काळा का पडतो आणि आगीचे निमित्त कसे घडते, हे वेगळे सांगायला नको.

वीज दूरवर नेताना व्होल्टेज प्रचंड वाढवितात, त्याचेही कारण हेच. तीच शक्ती दुप्पट व्होल्टेजने पाठविली, की धारा निम्मी होते आणि वाटेतील उष्णतेचा अपव्यय चतुर्थांशावर येतो. १९१५ मध्ये टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र सुरू झाले आणि घाटाच्या पायथ्याची वीज मुंबईच्या गिरण्यांपर्यंत पोहोचली, ती या हिशेबाच्या बळावर.

या नियमाला मर्यादाही आहेत. पिवळ्या बल्बची तार थंड असताना तिचा रोध पेटलेल्या अवस्थेच्या दहाव्या-पंधराव्या हिश्शाइतकाच असतो. एलईडीचे दिवे आणि इलेक्ट्रॉनिक सर्किटमधील अर्धवाहक हा सरळ भागाकार मानीत नाहीत. मोटार ही केवळ रोध नसते. तिच्या शक्तीचा हिशेब करताना पॉवर फॅक्टरने गुणावे लागते. म्हणूनच गिझर कमी व्होल्टेजवर नुसता मंदावतो. मोटार मात्र भार ओढण्यासाठी अधिक धारा घेते, तापते आणि धायरीतल्या एखाद्या वायंडिंगच्या दुकानात येऊन पोहोचते.

आडनावाचे झाले एकक

ओहम यांच्या निधनानंतर सात वर्षांनी, १८६१ मध्ये, इंग्लंडमधील तारायंत्र अभियंत्यांनी विद्युत एककांना शास्त्रज्ञांची नावे द्यावीत, अशी सूचना केली. १८८१ मध्ये पॅरिस येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय विद्युत परिषदेने रोधाचे एकक म्हणून ओहम हे नाव स्वीकारले. व्होल्ट आणि अँपियर ही नावेही तेथेच मान्य झाली. इटलीचे व्होल्टा, फ्रान्सचे अँपियर आणि जर्मनीचे ओहम असे तीन देशांचे तीन शास्त्रज्ञ एका सूत्रात कायमचे शेजारी आले. जेम्स वॅट यांच्या नावाचे शक्तीचे एकक विल्यम सीमेन्स यांनी १८८२ मध्ये सुचविले.

एक ओहम म्हणजे नेमके किती, हे ठरविण्याचा प्रवासही रंजक आहे. आरंभी तारेची ठरावीक वेटोळी प्रमाण मानली गेली. १८९३ मध्ये शून्य अंश तापमानाच्या, १०६.३ सेंटिमीटर लांबीच्या पाऱ्याच्या स्तंभाचा रोध म्हणजे एक ओहम, असे ठरले. १९८० मध्ये जर्मनीचेच क्लाउस फॉन क्लिट्झिंग यांना असे आढळले, की अतिशीत तापमानात आणि तीव्र चुंबकीय क्षेत्रात रोध ठरावीक पायऱ्यांनीच बदलतो आणि या पायऱ्या सुमारे २५,८१२.८ ओहम या मूल्याशी बांधलेल्या असतात. या शोधासाठी त्यांना १९८५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. २० मे २०१९ पासून जगाची एककपद्धती निसर्गाच्या स्थिरांकांवर आधारली गेल्याने ओहमचे माप आता कोणत्याही तारेवर किंवा पाऱ्यावर अवलंबून राहिलेले नाही.

ओहम यांच्याजवळ यांतले काहीच नव्हते. एक बिस्मथची पट्टी, उकळते पाणी, बर्फ, आठ तारा, टांगलेली चुंबकसूची आणि शाळा सुटल्यानंतरचा वेळ, एवढ्याच भांडवलावर त्यांनी काम केले. मोठ्या शोधाला मोठी संस्था लागतेच असे नाही. मोजण्याची चिकाटी आणि चुकलेले सूत्र मागे घेण्याचे धैर्य मात्र लागते. सूत्र पाठ करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला ते कोण्या विद्यापीठाच्या मानकऱ्याने दिलेले नसून एका शाळामास्तराने आपली नोकरी पणाला लावून मिळविलेले आहे, हे शिकविणाऱ्यांनी एकदा तरी सांगावे. तेवढे केले, तरी ओहम यांच्या ऋणाचा काही अंश फेडल्यासारखे होईल.